झाडं नाहीत, नुसता बर्फ: तिथे हॅमॉक टांगायचा कसा

हॅमॉक म्हणजे दोन टोकांना टांगून झोपायची कापडी झोळी. तिचं सगळं गणित दोन झाडांवर उभं असतं. सातपुड्यात, तोरणमाळला किंवा पालच्या जंगलाकडे गेलात तर झाडांची ददात नाही. पण आपल्याकडची मंडळी आता हिवाळ्यात लाहौलकडे जायला लागली आहेत. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीहून सिस्सू, कोकसर हे भर थंडीतही आवाक्यात आलं. तिथे गावालगत लावलेली विलोची झाडं सोडली तर मैलोन्‌मैल पांढरं रान. ती झाडं गावकऱ्यांच्या सरपणाची आणि चाऱ्याची असतात, त्यांना दोर आवळू नये. मग हॅमॉक बांधायचा कशाला? बर्फालाच. ते होतं, आणि नीट केलं तर झोपही छान लागते. फक्त ते तिथे जाऊन शिकायचं काम नाही. घरून शिकून जायचं, आणि आपल्या खानदेशात ते शिकायला जागाही भरपूर आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बर्फ दीड मीटरपेक्षा कमी असेल, एकटे असाल किंवा दुपारी दोनच्या आत जागेवर पोचत नसाल, तर हॅमॉक टांगण्याच्या भानगडीत पडू नका. तंबू लावा आणि झोपा. पुढचं सगळं दोघातिघांच्या गटासाठी, दोन लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची फावडी जवळ असलेल्यांसाठी आहे.

दोरीवर किती ओझं येतं

८० किलोचा माणूस हॅमॉकमध्ये बसला की दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस किलो ओढ येत असेल, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल तर प्रत्येक बाजूला पूर्ण ८० किलोची ओढ येते. दोरी ताणून कोन १५ अंशांवर आणला तर तीच ओढ सुमारे १५५ किलो होते आणि १० अंशांवर २३० किलोच्या घरात जाते. झाड हे सहन करतं. बर्फात आधार म्हणून पुरलेली गोणी करणार नाही. म्हणून बर्फात हॅमॉक सैल, चांगला खोल झोल देऊन टांगायचा. ३० अंशांच्या खाली जायचं नाही, थोडं वर गेलं तर हरकत नाही.

हा कोन दरवेळी डोळ्यांनी मोजत बसण्यापेक्षा हॅमॉकला कायमची रिजलाइन बांधून टाका. रिजलाइन म्हणजे हॅमॉकच्या दोन टोकांमधली न ताणणारी दोरी. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवायची, म्हणजे ३.३५ मीटरच्या हॅमॉकला साधारण २.७८ मीटर. मग बाहेरच्या दोऱ्या थोड्या कमीजास्त झाल्या तरी हॅमॉकचा झोल तसाच राहतो. मात्र बाहेरची दोरी फार ताणली तर अँकरवरचा, म्हणजे दोरी धरून ठेवणाऱ्या आधारावरचा ताण वाढतोच, रिजलाइन तो कमी करत नाही. हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

दोरी डायनीमाची, म्हणजे हलक्या पण फार मजबूत कृत्रिम धाग्याची घ्या. नायलॉन ओलं झालं की लांबतं आणि पाणी धरून गोठतं, डायनीमा पाणी शोषत नाही. पावणेतीन मिलिमीटरची डायनीमा दोरी सातशे किलोच्या आसपास तुटते, म्हणजे मजबुतीची चिंता नाही. पण ती इतकी गुळगुळीत असते की साध्या गाठी सरकतात. तिला विणून केलेले फास आणि लाकडी अडकण वापरा. हातमोजे घालून जी गाठ मारता आणि सोडता येत नाही ती गाठ बर्फात निरुपयोगी समजा.

खरा आधार: पुरलेला अँकर

लोखंडी मेख बर्फात ठोकून उपयोग नाही. भुसभुशीत बर्फातून ती सरळ निघून येते, आणि ऊन पडलं की धातू तापून भोवतीचा बर्फ वितळतो. बर्फात टिकतो तो आडवा पुरलेला अँकर, आणि त्यासाठी सगळ्यात चांगली वस्तू आपल्या शेतात पडलेली असते: युरियाची रिकामी गोणी. विणलेलं प्लॅस्टिक, हलकं, घडी करून सॅकच्या तळाशी मावतं. पण घरी तीन-चार पाण्यांनी धुऊनच न्या. युरियाने बर्फ वितळतो, आणि गोणीच्या शिवणीत राहिलेली पूड रात्रभर तुमचा अँकर आतून सैल करत राहील.

पद्धत अशी. जिथे अँकर पुरायचा ती जागा आधी बुटांनी चांगली तुडवा आणि पंधरावीस मिनिटं तशीच सोडून दुसऱ्या कामाला लागा. मग ओढीच्या दिशेला काटकोनात, हातभर लांब आणि ६०-७० सेंटिमीटर खोल खाच खणा. हॅमॉककडची भिंत अजिबात ढासळू द्यायची नाही, कारण सगळा भार तीच पेलणार. ती उभी किंवा तळाच्या बाजूला किंचित हॅमॉककडे आत शिरलेली कापा. या भिंतीतून हॅमॉकच्या दिशेने फावड्याच्या कडेने एक अरुंद चीर पाडा, पार खाचेच्या तळापर्यंत. दोरी या चिरेतून बाहेर आली पाहिजे. चीर न पाडता दोरी वरून आणली तर ताण आल्यावर ती गोणीला वर उचलते आणि अँकर उपटतो. बर्फातले बहुतेक अँकर कमी खोलीमुळे निघत नाहीत, या चिरेच्या आळसामुळे निघतात.

गोणीत दोन तृतीयांश बर्फ भरून तोंड बांधा. दोरी गोणीच्या कमरेभोवती नुसती फिरवून दोन्ही टोकं बाहेर काढा, गोणीला गाठ मारू नका. सकाळी एक टोक सोडून दुसरं ओढलं की दोरी सुटून येते, गोणी नंतर खणून काढता येते. गोणी भिंतीला चिकटवून ठेवा आणि थराथराने बर्फ टाकत, दर थर तुडवत खाच भरा.

आणि मग थांबा. तुडवलेल्या बर्फाचे कण एकमेकांना चिकटून घट्ट होत जातात. भरल्या भरल्या ओढलात तर गोणी भुसभुशीत साखरेतून यावी तशी येईल, अर्ध्या तासाने तीच दोघांना हलणार नाही. फार कोरडा, फार थंड बर्फ असेल तर तासभर द्या. इथे घाई करण्यासारखं काहीच नाही. चारही अँकर (दर टोकाला दोन) सगळ्यात आधी पुरायचे आणि ते बसेपर्यंत बाकीची कामं उरकायची, हा क्रम मोडू नका.

वर टांगायचं की खाली?

झाडं नाहीत म्हटल्यावर कुणाच्याही डोक्यात पहिल्यांदा खांब येतात. दोन्ही टोकांना खांबांची एकेक कैची, मागे ४५ अंशांत ताणाची दोरी, ती दोरी अँकरला. दिसायला सोपं आहे. पण हिशेब बघा. ८० किलोच्या माणसासाठी मागच्या ताणावर सुमारे १०० किलो ओढ येते आणि ती तिरपी वर असते. म्हणजे अँकर वर उपटायला जवळजवळ ७० किलो सतत लागलेले. शिवाय कैचीवर मिळून ११० किलोच्या आसपास दाब येतो आणि तिचे पाय बर्फात रुतत जातात. पायांखाली एकेक फूट लांबीरुंदीची प्लायवूडची पाटी ठेवावीच लागते. चालण्याच्या काठ्या या कामाला चालत नाहीत, त्या वाकून मोडतात. ३२ मिलिमीटर व्यासाच्या ॲल्युमिनियम नळ्या, दोन-दोन फुटांचे तुकडे जोडून सहा फूट करता येतील अशा, हा त्यातला बरा पर्याय. भुसावळहून दिल्लीच्या गाडीत त्या बर्थखाली मावतात. इतकं सगळं करून तुम्ही शेवटी वाऱ्याच्या तोंडी, उघड्यावर लटकलेले असता.

म्हणून माझं स्पष्ट मत: खोल बर्फात वर जाऊ नका, खाली जा. चर खणा आणि हॅमॉक चरात टांगा. अँकर चराच्या दोन्ही टोकांमागे पुरलेले असल्यामुळे ओढ बरीचशी आडवी लागते, वर उचलणारा जोर खूपच कमी असतो. वारा डोक्यावरून जातो. आणि अँकर सुटलाच तर पडणार वीतभर.

चर असा. आधी काठीने टोचून बर्फाची खोली बघा, जमीन किंवा दगड लागला तर जागा बदला. दोन काठांमधलं अंतर ३.६ मीटर, रुंदी १.२ मीटर, कारण हॅमॉकमध्ये तिरपं झोपायचं असतं आणि कोपर भिंतीला लागता कामा नये. मधली खोली १.३ मीटरच्या आसपास. त्यात सुमारे एक मीटर हॅमॉकचा झोल, बाकी खालची मोकळी जागा. सबंध आयताकृती चर या मापाने खणायचा म्हटलं तर साडेपाच घनमीटरच्या वर बर्फ निघतो. वाऱ्याने दाबलेला बर्फ असेल तर तो दीड टनाच्या वर भरतो. तेवढं खणायची गरज नाही. हॅमॉक दोन्ही टोकांना वर आणि मध्ये खाली असतो, तर चरही तसाच कापा: मध्ये खोल, टोकांकडे उतरता उथळ. मेहनत निम्म्यावर येते. निघालेला बर्फ वाऱ्याच्या बाजूला रचून भिंत करा, पण चराच्या काठाला लागून नाही. चांगली तीन-चार पावलं सोडून, नाहीतर भिंतीआड जमणारा उडता बर्फ नेमका चरात पडतो.

अँकर चराच्या टोकांपासून निदान दीड मीटर मागे हवा. मधला न उकरलेला बर्फ हाच तुमचा झाडाचा बुंधा आहे, त्यावरून कुणाला चालू देऊ नका. प्रत्येक टोकाला एक नाही, दोन अँकर पुरा, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. एक ढिला पडला तरी दुसरा धरून ठेवतो. दोऱ्या एकत्र येतात तिथला कोन अरुंद, ६० अंशांच्या आत ठेवा.

आता काठ. दोरी चराच्या कडेवरून खाली वळते आणि ताण आला की करवतीसारखी आत शिरते. रात्रभरात ती फूटभर आत गेली की तुम्ही जमिनीवर. म्हणून काठावर दोरीखाली मीटरभर लांबीचा आडवा बांबू किंवा नळी ठेवा, तिच्याखाली कॅरीमॅटचा, म्हणजे फोमच्या चटईचा तुकडा. बांबू काठाच्या अगदी कडेला नको, वीतभर मागे.

टांगून झालं की लगेच आत उडी नाही. आधी दोघांनी हॅमॉक मध्यावर धरून हळूहळू खाली ओढायचा. मग एकाने पाय जमिनीवर ठेवून बसायचं, दुसऱ्याने अँकरांवर लक्ष ठेवायचं. बर्फावर चीर दिसली किंवा दोरी कणाकणाने पुढे सरकताना दिसली तर उठा. बूड जमिनीपासून २५-३० सेंटिमीटरच वर राहील असं बघा आणि खाली कॅरीमॅट अंथरून ठेवा.

गिरणेच्या पात्रात सराव

कोरडी वाळू आणि भुसभुशीत बर्फ यांना ओढीखाली सारखीच खोड असते, दोन्ही सुटे कण. म्हणून पाचोरा-भडगावच्या बाजूला गिरणेचं पात्र उघडं पडलं की तिथे जा. पांझरा, तापी, जवळ असेल ती नदी चालेल. वाळू उपशाचे खड्डे आणि धरणाचं आवर्तन सुटण्याची तारीख आधी विचारून घ्या. तिथे गोणीचा अँकर तीन तऱ्हांनी पुरून बघा: चीर पाडून आणि न पाडता, गुडघ्याइतका खोल आणि वीतभर खोल, दोरी आडवी ओढून आणि तिरपी वर ओढून. कोणता कधी निघतो हे हातांना एकदा कळलं की बर्फात वेगळं सांगावं लागत नाही. मेंढ्या घेऊन आलेला एखादा काका थांबून विचारेलच, "काय पुरी ऱ्हायनात भो?" त्यालाही दोरीला लावा. आयुष्यभर खुंटे ठोकणाऱ्या माणसाला जोर कुठे लागतो आणि खुंटा कधी हलतो याची जाण आपल्यापेक्षा जास्त असते.

खांबांचा प्रयोग करायचाच असेल तर केळीच्या घडांना टेकू द्यायचे बांबू रावेर-यावलकडे सहज मिळतात. मात्र चराचा सराव वाळूत कधीही करू नका. बर्फाची भिंत उभी राहते, वाळूची अंगावर कोसळते. गुडघ्यापेक्षा खोल वाळू उकरू नये, लहान मुलं बरोबर असतील तर तेवढीही नाही.

थंडी खालून येते

हिवाळ्यात मळ्यात राखणीला बाजेवर झोपलेल्याला हे सांगायला नको: अंगावर दोन गोधड्या आणि खाली एकही नाही, तर पहाटे पाठ गारठते. हॅमॉकचं तंतोतंत तेच. स्लीपिंग बॅग कितीही भारी असली तरी पाठीखाली तिचा पिसारा दबतो, दबला की ऊब धरत नाही, आणि खालून वारा मोकळा. यावर उपाय अंडरक्विल्ट, म्हणजे हॅमॉकच्या बाहेरून खाली लटकणारी दुलई. ती अंगाने दबत नाही. तिची टोकं अशी आवळा की मध्ये पोकळी राहणार नाही आणि ती हॅमॉकला ढकलूनही वर उचलणार नाही. हात घालून बघा, तळवा कसाबसा जाईल एवढीच फट हवी. त्याशिवाय दुहेरी कापडाचा हॅमॉक घेऊन मधल्या कप्प्यात कॅरीमॅट सरकवा. मॅट अरुंद पडते आणि खांदे उघडे राहतात, म्हणून आडवा एक तुकडा खांद्यांखाली वेगळा लावावा.

याची परीक्षा घरच्या थंडीत होते. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांवर येतो आणि सातपुड्यात, तोरणमाळ-डाबच्या पट्ट्यात दव गोठल्याच्या बातम्या जवळजवळ दरवर्षी येतात. वनखात्याची परवानगी काढून तिथे झाडांनाच हॅमॉक टांगून एक पूर्ण रात्र काढा. तिथे पाठ गार लागली तर लाहौलमध्ये जानेवारीच्या रात्री, शून्याखाली दहा अंश आणि त्याहून खाली, ती साधनं तुम्हाला वाचवणार नाहीत. आपण कापसाच्या मुलखातले, अंगावर सुती कपडा असायचाच. बर्फात मात्र अंगालगत सुती काहीही नको. घामाने ओलं झालं की वाळत नाही. लोकर किंवा सिंथेटिक घाला. चर खणताना थर कमी करून खणा, म्हणजे घामच येणार नाही.

चराची एक अडचण आहे. थंड हवा जड असते आणि चरात साठते. उताराकडच्या बाजूला फावड्याच्या रुंदीची एक मोरी काढली तर ती वाहून जाते. वर टार्प, म्हणजे छतासारखं ताणायचं कापड लावा, पण दोन्ही टोकं बंद करू नका. श्वासाची वाफ टार्पच्या आतून गोठते आणि पहाटे तोंडावर झडते. टार्पचे ताणही पुरलेल्या पिशव्यांनाच बांधायचे, तिथे किराणा दुकानातल्या जाड पिशव्या पुरतात.

स्टोव्ह चरात किंवा टार्पखाली पेटवायचा नाही. कितीही वारा असला तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि चरात ती वायू साठायला जागाच जागा असते. गॅसची डबी रेल्वेत नेता येत नाही, ती मनालीत घ्या आणि आयसोब्युटेनची घ्या. साधा ब्युटेन शून्य अंशाखाली वायू होत नाही, नुसता द्रव राहतो. रात्री डबी आणि हेडटॉर्चचे सेल स्लीपिंग बॅगमध्ये, पाण्याची बाटली उलटी ठेवा, कारण बर्फ वरून धरतो आणि उलट्या बाटलीचं झाकण मोकळं राहतं.

जागा आणि परवानगी

हे आधी नक्की करायचं, पण समजायला सोपं म्हणून शेवटी सांगतो. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून सुटतात. आपण उतारावर नसलो म्हणून सुरक्षित नसतो, तो उतार जिथे येऊन थांबतो तिथेही नसतो. मोकळं, सपाट, डोंगराच्या पायथ्यापासून लांब मैदान निवडा, आणि ताजा बर्फ पडल्यावर एकदोन दिवस वाट बघा. हिमस्खलनाचे इशारे संरक्षण खात्याची डीजीआरई ही संस्था देते, ते वाचा. त्याहून गावातल्या माणसाला विचारा, कोणत्या नाळेतून बर्फ येतो हे त्याला नावानिशी माहीत असतं. हिवाळ्यात हिमाचलमधलं जिल्हा प्रशासन ट्रेकिंगवर बंदी घालतं, तेव्हा निघण्यापूर्वी फोन करा. उत्तराखंडच्या बुग्याळांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर जायचा विचार असेल तर तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्याळांवर रात्री मुक्काम करायला मनाई केली होती, वनखात्याकडून सध्याचा नियम लेखी घेतल्याशिवाय सामान उचलू नका. जळगावची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे मीटर. तिथून एकदम तीन हजारांवर जाऊन त्याच दिवशी चर खणायला घेणं म्हणजे डोकेदुखी आणि उलट्यांना आमंत्रण. मनालीत दोन रात्री आणि वरच्या गावात एक रात्र काढून मगच फावडं हातात घ्या.

जमलं नाही तर

चार वाजेपर्यंत अँकर बसले नाहीत, चीर दिसली, वारा वाढला, तर हॅमॉक सोडा. खणलेला चर वाया जात नाही: तळ सपाट करा, कॅरीमॅट अंथरा, अंडरक्विल्टही वर ओढून घ्या, हॅमॉकचं कापड बाहेरून गुंडाळा, टार्प वर. ही व्यवस्था तोरणमाळला किंवा घराच्या गच्चीवर एकदा अंधारात लावून बघा. म्हणून कॅरीमॅट दोन लागतातच, अंडरक्विल्ट आहे म्हणून मॅट घरी ठेवणाऱ्याबरोबर मी जाणार नाही.

सकाळी अँकर दगडासारखे गोठलेले असतात. दोरीवर फावडं मारू नका, एक टोक सोडून ओढा. नाही आली तर गोणीच्या बाजूने खणत जा आणि गोण्या सगळ्या मोजून काढा, वसंतात बर्फ वितळला की त्या कुणाच्या तरी शेतात नाहीतर पाण्याच्या वाटेत निघतात. मग रचलेली भिंत ढकलून चर भरा आणि तुडवा. उघडा राहिलेला चर एका बर्फवृष्टीत झाकला जातो, आणि त्या वाटेने गावातली माणसं आणि गुरं जातात.